बैठकीत कोण बोलले नाही?

कृषी विज्ञान केंद्रात साधारणतः 16 पदे मंजूर असतात. एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ आणि त्यांच्यासोबत प्रक्षेत्र व्यवस्थापक, कार्यक्रम सहायक, वाहनचालक व इतर कर्मचारी. एवढ्या लहान कार्यालयात प्रमुखाची सवय हीच लवकरच कार्यालयाची रीत होते. तो कोणाला आधी विचारतो, कोणाचे बोलणे मध्येच तोडतो, हे सर्वांच्या लक्षात येते. बहुधा त्याच्याच येत नाही. 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ‘कृतीतून शिक्षण’ हे या केंद्रांचे सूत्र राहिले आहे. ते प्रमुखालाही लागू पडते, याचा मात्र अनेकदा विसर पडतो.

स्वतःच्या गृहीतकांची जाणीव नसली की काय घडते, हे शेती अवजारांत स्पष्ट दिसते. हातअवजारे दीर्घकाळ पुरुषाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून घडविली गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता; रचनाकाराने आपल्यासमोरचे शरीर प्रमाण मानले, इतकेच. निंदणी आणि लावणीचा मोठा भार उचलणाऱ्या स्त्रीला मात्र न पेलणाऱ्या दांड्याशी व मुठीशी जुळवून घ्यावे लागले. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने देशाच्या विविध भागांतील शेतकामगार स्त्री-पुरुषांची शारीरिक मोजमापे घेण्यात आली. सरासरी उंचीतच दहा सेंटिमीटरहून अधिक फरक आढळला. हातांच्या ताकदीतील तफावतही नोंदली गेली. या मोजमापांच्या आधारे स्त्रियांना सोयीची अवजारे विकसित होऊ लागली.

कार्यालयातील गृहीतकांचे मोजमाप सहसा कोणी घेत नाही. प्रशिक्षण सकाळी दहाला ठेवले जाते, तेव्हा स्त्रिया खुरपणीत असतात. निवडीसाठी जमिनीचा उतारा मागितला जातो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार स्त्री वहितीधारकांचे प्रमाण जेमतेम 14 टक्क्यांच्या आसपास होते. मग ‘महिलांचा प्रतिसाद अल्प’ असा शेरा अहवालात येतो. तो शेरा खरे तर नियोजनावर असावयास हवा. महिला विशेषज्ञाकडे शिवारफेरीऐवजी पाहुण्यांच्या स्वागताची व्यवस्था सोपविणे, हीही त्याच जातीची सवय होय.

आत्मपरीक्षणाचे सर्वांत सोपे साधन कार्यालयातच असते: मागील काही मासिक बैठकांची इतिवृत्ते. कोणाच्या सूचनेवर कार्यवाही झाली, कोणाचे नाव केवळ उपस्थितांच्या यादीत राहिले, हे प्रमुखाने एकट्याने बसून तपासावे. पुढच्या बैठकीत आपले मत शेवटी मांडावे. ते आधी मांडले की कनिष्ठांकडे माना डोलाविण्याखेरीज काही उरत नाही. आणि ज्यांना बैठकीचे निमंत्रणच नसते, त्या रोजंदारीवरील मजूर स्त्रियांना प्रक्षेत्रावर थांबून विचारावे. दिवसभर पिकात वावरणाऱ्या त्याच असल्याने किडीने पोखरलेले पहिले पान पुष्कळदा त्यांनाच दिसलेले असते.