पीळ आणि घड्याळ

कामगारवस्तीत वावरणाऱ्या माणसाने वैद्यकावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्या दुखण्याचा निम्मा निकाल डॉक्टर गाठण्यापूर्वीच लागतो, ते आईबापांना ठाऊक हवेच. मुलाच्या वृषणाला पीळ पडणे हे तसले दुखणे आहे.

वृषण एका दोरीला लोंबते आणि तिच्यातूनच त्याला रक्त मिळते. काही मुलांत ते पिशवीला आतून नीट चिकटलेले नसते. घंटेच्या लोलकासारखे सुटे राहते आणि एखादे वेळी, झोपेतसुद्धा, गरकन फिरते. दोरीला पीळ बसला की आधी परतणारे रक्त अडते, सूज येते. मग येणारे रक्तही थांबते. सहा तासांत पीळ सुटला तर दहांपैकी सुमारे नऊ वृषणे वाचतात. बारा तासांनंतर जेमतेम निम्मी, आणि चोवीस तास उलटल्यावर क्वचितच एखादे.

हा पीळ अर्भकालाही पडतो. पण बारा ते अठरा हे वय अधिक धोक्याचे. याच वयात मुलगा लाजतो आणि नुसते "पोटात दुखते" म्हणतो. घरात ओवा दिला जातो, शेक होतो. बाप रात्रपाळीला, म्हणून सकाळची वाट पाहिली जाते. त्या वाट पाहण्यातच अवयव जातो.

खूण काय? एका बाजूला एकाएकी असह्य वेदना, मळमळ वा उलटी, वृषण सुजलेले, कठीण व वर ओढलेले. मांडीची आतली बाजू हलके खाजवल्यास ते एरवी वर सरकते. पीळ असता बहुधा सरकत नाही. शंका राहिली तर डॉपलर सोनोग्राफीने रक्तप्रवाह दिसतो. मात्र लक्षणे स्पष्ट असता शल्यविशारद तिच्यासाठी थांबत नाहीत. ते पीळ सोडवतात, रंग परतला तर वृषण टाक्यांनी बसवतात आणि दुसरी बाजूही बांधून घेतात, कारण तोच दोष तिथेही असू शकतो. मेलेले वृषण काढावे लागते. तरी एकावरही पुढे बाप होता येते.

सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून नाशिकला यायलाच बराच वेळ मोडतो. म्हणून १०८ ला लगेच फोन करा; ती गाडी मोफत आहे. शस्त्रक्रियेची सोय असलेलेच रुग्णालय गाठा. कामगार विम्याचा लाभ कुटुंबालाही आहे. भूल द्यावी लागेल, तेव्हा मुलाला खाऊपिऊ घालू नका. तेल चोळू नका.

आणि घरातल्या मुलाला आजच सांगून ठेवा: तिथे दुखले तर मध्यरात्रीही उठवायचे, लाजायचे नाही.