तैलरंग दिलेल्या आतील भिंतींचे पुनर्रंगकाम

घराच्या आतील ज्या भिंतीला पूर्वी तैलरंग (बोलीभाषेत 'ऑइलपेंट') दिलेला आहे, तिच्यावर नवा, विशेषतः पाण्यात मिसळणारा रंग देण्याच्या कामाचा विचार या लेखात केला आहे. अशा भिंतीवर नवा रंग थेट दिल्यास तो नीट धरत नाही आणि कालांतराने पोपडे धरून सुटू लागतो. त्यामुळे या कामात प्रत्यक्ष रंगापेक्षा पूर्वतयारीला अधिक महत्त्व आहे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने हा विषय आरोग्याशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या चाळी, शाळा, दवाखाने व जिने यांमध्ये जमिनीपासून सुमारे चार-पाच फुटांपर्यंत तैलरंगाचा पट्टा आणि त्यावर चुना किंवा डिस्टेंपर अशी रचना आढळते. तैलरंगाची भिंत ओल्या फडक्याने पुसता येते. त्यामुळे स्वयंपाकघरातील तेलकट धूर, हातांचे डाग आणि ओलावा यांपासून संरक्षणासाठी तो सोयीचा ठरला. पुढे इमल्शन रंगांचा प्रसार झाला. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथजवळील पालेगावासारख्या वाढत्या वस्तीत जुन्या घरांशेजारी नवी गृहसंकुले उभी राहिली आहेत. अशा परिसरात जुन्या घराच्या दुरुस्तीच्या वेळी तैलरंगावर इमल्शन देण्याचा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो.

रंग न चिकटण्याची कारणे

तैलरंगात पूर्वी जवसाचे तेल वापरले जाई. नंतर अल्किड राळेचा वापर रूढ झाला. हा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून त्याचा कठीण, तुकतुकीत व पाणी न शोषणारा थर बनतो. इमल्शनमधील पाणी उडून गेल्यावर त्यातील राळेचे कण एकमेकांना जोडले जातात आणि पापुद्रा तयार होतो. त्याला धरून राहण्यास किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो. गुळगुळीत तैलरंगावर तो मिळत नाही. धूर व तेलाचा पातळ थर असल्यास पकड आणखी कमी होते.

दुसरे कारण ओल हे होय. सिमेंटचा गिलावा अल्कधर्मी असतो. त्यात ओल शिरल्यास तैलरंगातील तेलाचे साबणीकरण होऊन थर मऊ व चिकट पडतो किंवा फुगतो. अशा थरावर कितीही चांगला रंग दिला तरी तो खालच्या थरासह निघून येतो.

ओळखण्याची रीत

भिंतीचा लहानसा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने तो घासावा. रंग मऊ होऊन कापसाला लागल्यास तो बहुधा इमल्शन असतो. तसाच टिकून राहिल्यास तैलरंग असण्याची शक्यता अधिक असते.

पूर्वतयारी

१. ओलीचा उगम (गळका नळ, बाहेरील तडे, वरच्या मजल्याचे न्हाणीघर) शोधून आधी दुरुस्ती करावी व भिंत पूर्ण वाळू द्यावी.
२. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढून स्वच्छ पाण्याने भिंत धुवावी.
३. सुटलेले पोपडे भिंत ओलसर ठेवून खरवडून काढावेत.
४. उरलेल्या घट्ट थराची चकाकी १२० ते १८० क्रमांकाच्या पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, भिंत ओली ठेवून मोडावी. सर्व रंग काढण्याची आवश्यकता नसते.
५. भिंत वाळल्यावर तैलरंगावर पकड घेणारा प्रायमर लावून, डब्यावर दिलेल्या वेळेइतका वाळू द्यावा.
६. खड्डे ॲक्रिलिक पुट्टीने भरावेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी तैलरंगावर नीट धरत नाही.
७. त्यानंतर इमल्शनचे दोन हात द्यावेत.

संपूर्ण भिंत रंगवण्यापूर्वी कोपऱ्यात लहान तुकडा रंगवून पाहणे हिताचे असते. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. रंग पट्टीसोबत निघाल्यास तयारी अपुरी आहे असे समजावे.

शिशाचा धोका

पूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल व हिरव्या छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला होता. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमस्वरूपी परिणाम होऊ शकतो.

म्हणून जुनी भिंत कोरडी घासू नये व रंग ज्योतीने जाळू नये. काम चालू असताना मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, भांडी व अन्न बाहेर न्यावे. काम करणाऱ्याने बारीक धूळ अडवणारा मुखपट्टा वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नसतो. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी व कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

ऋतूचा विचार

गणपतीपूर्वी घर रंगवण्याची पद्धत अनेक कुटुंबांत आहे. मात्र भाद्रपदात कोकणपट्टीतील भिंती बहुधा ओलसर असतात. त्यामुळे तैलरंगाच्या भिंतीचे काम पाऊस संपून भिंती वाळल्यावर, दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती घेणे अधिक टिकाऊ ठरते.