बेस गिटारचे ओझे

गेल्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम आटोपल्यावर रंगमंचामागे घडलेला हा प्रसंग. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आता लग्नसमारंभांतून आणि जत्रांच्या रात्री वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. त्या रात्री तो आपले वाद्य गळ्यातून उतरवून भिंतीशी टेकवीत होता. नववीतल्या एका मुलाने ते उचलून पाहिले आणि तो उद्गारला, "सर, हे केवढे जड! यापेक्षा माझे दप्तर परवडले." सगळे हसले, वाजवणारा मात्र हसला नाही. डावा खांदा चोळीत तो मला हळूच म्हणाला, "सर, चार तास उभा राहून वाजवले की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. हे विकून हलके घ्यावे म्हणतो. पण जाणते लोक सांगतात, वाद्य हलके झाले की आवाजातला भारदस्तपणा गेलाच म्हणून समज. काय करावे?"

मी पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य. संगीतात माझी मजल पेटीवर सूर धरण्यापलीकडे कधी गेली नाही. परंतु वजन, तोल आणि कंप हे आमच्याच वर्गातले विषय. तेव्हा प्रश्न टाळणे बरे दिसले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही ते वाद्य प्रयोगशाळेतील ताणकाट्याला टांगले. काट्याने ४ किलो ६०० ग्रॅम दाखवले.

वाद्य ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सतारीच्या भाषेत सांगतो. बेस गिटारला एक भरीव लाकडी धड असते, त्यातून लांब दांडी निघते, दांडीवर पडदे बसवलेले असतात, आणि दांडीच्या माथ्याला चार तारांच्या चार खुंट्या. भोपळा नाही, पोकळी नाही. तारा घोडीवरून जातात आणि त्यांच्याखाली चुंबक व तारेचे वेटोळे असलेला पिकअप असतो. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो व तो ध्वनिवर्धकात जातो. हे वाद्य वाद्यवृंदातील खर्ज सांभाळते. ते वाजत असताना श्रोत्यांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. ते थांबले की मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते.

या वाद्याचा जन्मच मुळी ओझ्याच्या तक्रारीतून झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पूर्वी पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस करी. माणसाहून उंच असे हे पोकळ वाद्य गावोगाव नेणे म्हणजे एक संकटच असे. शिवाय तुताऱ्यांच्या व ढोलांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारे, गिटारप्रमाणे आडवे धरण्याचे खर्जवाद्य बनवले होते, पण त्याचा प्रसार झाला नाही. तो मान मिळाला कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांना. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गंमत अशी की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, हे नाव. त्याच्या तारेची लांबी ३४ इंच ठेवली होती, आणि तीच पुढे बहुतेक कारखानदारांनी प्रमाण मानली.

आता एक विरोधाभास पाहा. डबल बेसचे वजन साधारण १० किलोंच्या घरात असते, म्हणजे बेस गिटारच्या दुपटीहून अधिक. तरीही वाजवताना त्याचा भार वादकाच्या अंगावर जवळजवळ पडत नाही, कारण ते खालच्या टोकदार दांड्यावर जमिनीवर उभे असते; वादकाने त्याला केवळ सावरायचे. फेंडर यांच्या वाद्याने प्रवासातले ओझे कमी केले खरे, पण उरलेले ओझे जमिनीवरून उचलून वादकाच्या खांद्यावर ठेवले. तेव्हा वाद्य किती जड आहे या प्रश्नाइतकाच ते कोठे जड आहे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. किंबहुना, मला वाटते, अधिकच.

प्रथम खांद्याचे पाहू. बेस गिटारचे वजन सामान्यतः साडेतीन ते पाच किलो भरते. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, बाजारातून पाच किलोंची पिशवी तर आपण रोजच आणतो. होय, पण ती आपण या हातातून त्या हातात घेतो, मध्येच खाली ठेवतो. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते हे तुम्ही पाहिले असेल. वीणा काही फार जड नव्हे. तरी वीणेकरी पाळीपाळीने बदलावे लागतात. स्नायू हलता असला तर आकुंचन आणि शैथिल्य यांच्या फेऱ्यांत त्याला रक्ताचा पुरवठा नीट होतो. तो एकाच स्थितीत ताणून धरला की आतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि थोड्या भारानेही तो लवकर थकतो. बेस वाजवणाऱ्याच्या मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन्‌तास असाच ताणलेला राहतो, आणि तोही एकाच बाजूचा.

दप्तराची गोष्ट त्या मुलाने उगीच काढली नव्हती. भारत सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने असे सुचवले आहे की दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. ४० किलो वजनाच्या मुलाला हा हिशेब चार किलोंवर नेऊन ठेवतो, आणि तेही दोन्ही खांद्यांवर वाटलेले. त्याच मुलाने साडेचार किलोंची बेस गिटार एका खांद्यावर घेऊन दोन तास सराव केला तर काय होईल याचा विचार पालकांनी अवश्य करावा. मोठ्या माणसासाठी अशी मर्यादा मी सांगू इच्छीत नाही. ज्याचा त्याचा देह निराळा. मात्र बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा हात बधिर होऊ लागला, तर तो प्रश्न वाद्यविक्रेत्याचा नसून वैद्याचा आहे.

खांद्यावरचा भार तोच ठेवून त्याची बोच कमी करता येते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आठवीत तुम्ही घोकले आहे. पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा खांद्यावर बारा सेंटिमीटर टेकला तर क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. ४६०० ग्रॅमांचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७७ ग्रॅम पडतो. पट्टा नऊ सेंटिमीटर रुंद केला की हाच आकडा ४३ पर्यंत उतरतो. आमच्या या माजी विद्यार्थ्याचा पट्टा तर कॅनव्हासचा, चार बोटेही रुंद नसलेला, आणि कडेने गुंडाळून दोरीसारखा झालेला होता. दिंडीतला मृदंगवादक असल्या पट्ट्यावर मृदंग गळ्यात कधी अडकवणार नाही.

परंतु खरी मेख खांद्यात नव्हती. तो वाजवत असताना मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. "जरा डावा हात सोड," मी म्हणालो. त्याने हात काढताच दांडीचा माथा सावकाश खाली झुकू लागला, आणि जमिनीकडे पाहत थांबला. त्याने घाईने पुन्हा दांडी पकडली. म्हणजे ज्या बोटांनी तारा दाबायच्या, त्याच बोटांना रात्रभर दांडी उचलून धरण्याची हमालीही करावी लागत होती!

कावड वाहणारा मनुष्य काय करतो ते आठवा. पुढची घागर जड असली तर तो बांबू मागे सरकवून खांद्याचा टेकू पुढच्या घागरीच्या जवळ आणतो. बेस गिटारला ही सोय नाही. पट्ट्याच्या दोन गुंड्या ठरलेल्या जागी ठोकलेल्या असतात, आणि गुरुत्वमध्य जर वरच्या गुंडीच्या पलीकडे, दांडीच्या बाजूला गेला, तर वाद्य झुकणारच. फेंडर यांच्या वाद्यात धडाचे वरचे शिंग लांब पुढे नेलेले असून त्याच्या टोकाला गुंडी आहे, ती दांडीच्या बाराव्या पडद्याच्या आसपास येते. हे शिंग केवळ शोभेचे नव्हे. याउलट गिब्सन कंपनीच्या 'ईबी-३' या नमुन्यात धड लहान आहे, आणि दांडी खाली झुकते ही त्याच्याविषयीची जुनी तक्रार आहे. असे वाद्य काट्यावर हलके भरूनही हाताला जड लागते.

तरफेचा नियम येथे फार उपयोगी पडतो. वरची गुंडी हा टेकू समजा. माथ्यावरच्या खुंट्या तेथून सुमारे ५० सेंटिमीटरवर असतात. लोखंडी, भरभक्कम अशा चार खुंट्या काढून मिश्रधातूच्या हलक्या खुंट्या बसवल्या व प्रत्येकी ४० ग्रॅम वाचले, तर एकूण १६० ग्रॅम कमी झाले. काट्यावर हा फरक नगण्य. पण १६० गुणिले ५० म्हणजे ८०००. टेकूपासून १० सेंटिमीटरवर ठेवलेल्या ८०० ग्रॅमांचा तोल हा तितकाच. माथ्यावरचे एक ग्रॅम धडाजवळच्या पाच ग्रॅमांच्या तोडीचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास माथाच छाटून टाकलेले वाद्य का बनवले असेल याचा उलगडा होतो. त्यांनी खुंट्या धडाच्या शेवटी नेऊन बसवल्या. दिसायला ते वाद्य वल्ह्यासारखे दिसते, हा भाग वेगळा.

राहिला प्रश्न आवाजाचा, आणि त्याचे उत्तर जाणत्यांना कदाचित रुचणार नाही. जड लाकडाने स्वर अधिक काळ टिकतो, ही समजूत १९७० नंतरच्या दशकात फार बळावली होती. त्या काळी घट्ट, वजनदार लाकडे व पितळेच्या घोड्या यांची मोठी चलती होती, आणि पाच किलोंवरची वाद्ये सर्रास बनत. आता विचार करा: पिकअप ऐकतो तो तारेला, लाकडाला नव्हे. लाकूड आवाजात हात घालू शकते ते एकाच वाटेने, म्हणजे तारेची शक्ती आपल्याकडे ओढून घेऊन. भरीव धड तीन किलोंचे असो वा दोन किलोंचे, काही ग्रॅमांच्या तारेपुढे ते दोन्ही स्थिरच. लवचिक असते ती दांडी. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो थोड्या श्रमात उंच जातो. तसा तारेचा एखादा स्वर दांडीच्या स्वतःच्या कंपाशी जुळला की दांडी डोलू लागते, तारेची शक्ती पिऊन टाकते, आणि तो स्वर लवकर विझतो. फेंडर घाटाच्या पुष्कळ वाद्यांत सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास असा एखादा 'मेलेला' स्वर सापडतो. माथ्याला एक छोटे धातूचे वजन चिमट्याने अडकवले तर ती जागा सरकते, कारण दांडीच्या कंपाची गती बदलते. म्हणजे वजनाचा आवाजाशी संबंध आहे, पण तो वजनाच्या बेरजेशी नसून वजनाच्या जागेशी आहे. आणि तीच जागा हाताला नकोशी! कारागिराची येथे दोन्हीकडून ओढाताण होते.

हलक्या वाद्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांचे. ते डावखुरे. १९६१ साली जर्मनीतील हँबुर्ग शहरात त्यांनी हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घेतली. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. ती आतून पोकळ, तारेची लांबी ३० इंच, आणि वजन अडीच किलोंच्या आतबाहेर. तिचा स्वर फेंडरहून आखूड व मऊ आहे हे खरे, पण त्याचे श्रेय पोकळ धडाला आणि कमी लांबीच्या तारेला द्यावे लागते. आणि त्या स्वराला कोणी पोरकट म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते वाद्य १९७२ साली चोरीस गेले आणि ते परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. बावन्न वर्षांनी!

मग जडपणा येतो कोठून? बव्हंशी लाकडाच्या जातीतून, आणि एकाच जातीच्या दोन ओंडक्यांतूनही. धडासाठी साधारण चार हजार घन सेंटिमीटर लाकूड लागते असे समजा. घनता ०.५ असली तर ते दोन किलो, ०.७ असली तर दोन किलो ८०० ग्रॅम. फेंडर यांनी आरंभी वापरलेले ॲश हे लाकूड या बाबतीत फार लहरी. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलीत, पुराच्या पाण्यात बुडालेल्या बुंध्याचे ॲश आश्चर्य वाटावे इतके हलके असते; कोरड्या जमिनीवरचे तसे नसते. आशियातून गेलेला एक हिरवा भुंगा २००२ साली मिशिगन राज्यात आढळला, आणि तेव्हापासून तिकडची ॲशची झाडे त्याने कोट्यवधींनी मारली. शेवटी २०२० साली फेंडर कंपनीने आपल्या बहुतेक नेहमीच्या नमुन्यांतून ॲश काढून टाकण्याचे जाहीर केले. वादकाच्या खांद्याचे सुख एका भुंग्याच्या भुकेवर अवलंबून असावे, ही सृष्टीची थट्टाच म्हणायची.

या सर्व विचारानंतर त्या मुलाला मी वाद्य विकू नकोस असे सांगितले. हा सल्ला सर्वांना लागू आहे असे नव्हे. त्याचे वाद्य जर साडेपाच किलोंचे असते, तर मीच गिऱ्हाईक शोधून दिले असते. त्याने हलक्या खुंट्या मागवल्या, नऊ सेंटिमीटर रुंदीचा चामडी पट्टा शिवून घेतला. रबरी, ताणला जाणारा पट्टा मी मुद्दाम टाळावयास सांगितला, कारण त्यावर वाद्य सतत उड्या मारते. सरावाच्या वेळी तो आता खुर्चीवर बसतो. प्रथम त्याला यात कमीपणा वाटला, तेव्हा मी त्याला कॅरोल के यांचे नाव सांगितले; लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणालयांतून असंख्य गाण्यांचा खर्ज या बाईंनी बसूनच वाजवला.

दोन महिन्यांनी तो पुन्हा शाळेत आला. ताणकाट्याने ४ किलो ४४० ग्रॅम दाखवले. त्याने वाद्य गळ्यात अडकवून दोन्ही हात बाजूला केले. दांडी किंचित हलली आणि होती तेथेच थांबली. खांदा अजून अधूनमधून बोलतो, असे तो म्हणाला, विशेषतः लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम असले म्हणजे. पण मान वळते. आवाजात काही फरक पडला का, असे मी विचारले. त्याच्या मते सातव्या पडद्यावरचा जो स्वर पूर्वी मरत असे, तो आता आठव्यावर मरतो.