कणकेची आठवण

हात धुतलेस? मग ये इकडे. आजीनं कणीक भिजवून झाकून ठेवलीय, पोळ्यांना अजून वेळ आहे. त्या गोळ्यात बोट खुपस. काढ आता. पडला खळगा? बघत राहा. आधी झटकन थोडा वर येईल, मग सावकाश, मग इतका हळू की थांबलाच असं वाटेल.

आपण पाणचक्कीला गेलो होतो ना, तिथलं पाणी आठव. डोंगराकडून मातीच्या नळांतून यायचं, उंचावरून पात्यांवर आदळून जातं फिरवायचं. दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी तिथं पीठ दळलं जायचं. पात्यावरून गेलेलं पाणी गेलं, मागचं काही धरून ठेवत नाही. त्याच पाण्याच्या जोरावर निघालेलं पीठ भिजवलं, की ते मात्र प्रत्येक दाब ध्यानात ठेवतं.

एखादी गोष्ट किती झपाट्यानं बदलते ते काढायचं, त्याला म्हणतात अवकलन. रबर किती ओढ देईल हे सांगायला ते किती ताणलंय एवढं पुरे. अवकलन शून्य वेळा. पाणी किती अडवेल ते मात्र त्याला किती जोरात ढवळता त्यावर, अवकलन एकदा. कणीक या दोघांच्या मधली. मग तिच्यासाठी किती वेळा? अर्ध्यामुर्ध्या वेळा!

हसू नकोस, हा प्रश्न 1695 मध्ये लोपितालनं लायब्निट्सला विचारला होता. लायब्निट्सलाही ते कोडंच वाटलं, पण यातून पुढे उपयोगाचं काही निघेल असंही त्यानं लिहिलं. आज उत्तर ठाऊक आहे: क्षचं अर्धं अवकलन म्हणजे क्षला पायनं भागून वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची. पुन्हा अर्धं केलं की बरोबर एक. वर्तुळातला पाय इथं कुठून टपकला, ते कॉलेजात गेलीस की कळेल. हे अर्धं अवकलन मागची सगळी हकीकत हिशेबात धरतं. ताजा धक्का मोठा, जुना फिका. 1940च्या दशकात स्कॉट ब्लेअर नावाच्या इंग्रजानं मऊ-घट्ट पदार्थांना नेमकं हेच गणित लावलं.

आता खरी मेख. पोळपाटावर कणकेची एक पट्टी आहे आणि तिच्यातली ओल अशाच अर्ध्यामुर्ध्या अवकलनाच्या समीकरणानं ठरते, असं समज. दोन्ही टोकांना ओल शून्य, मधे किती? टोकांची अशी अट घातली की त्याला सीमा-अट म्हणतात. त्यात कणीक लहरी: दुप्पट पाणी घातलं म्हणून दुप्पट सैल होत नाही, एकदम हाताला चिकटते. आणि ओल काही उणे पाच असू शकत नाही, उत्तर शून्याच्या वरच हवं. असं उत्तर असेल तरी का?

आपल्याच राज्यात, पुणे विद्यापीठात, बाबाखानी आणि वर्षा दफ्तरदार-गेज्जी या गणितज्ञांनी अशा अपूर्णांकी समीकरणांना धन, म्हणजे शून्याच्या वरची, उत्तरं कधी असतात, यावर 2003 मध्ये निबंध छापला. दोन्ही टोकं बांधलेल्या समीकरणावर दोन वर्षांनी बाई आणि लू आडनावांच्या दोन चिनी गणितज्ञांचा आला.

त्यांची युक्ती तुझ्या आजीला पहिल्यापासून येते. ती वाटी मोजत नाही. कणीक घट्ट लागली की पाणी, सैल झाली की चिमूटभर पीठ. कमी असलेलं वाढतं, जास्त असलेलं कमी होतं, मग मधे कुठंतरी अशी जागा येतेच जिथं हात आपोआप थांबतो. क्रास्नोसेल्स्की नावाच्या रशियन गणितज्ञानं हे पक्कं करून ठेवलं होतं. बाई आणि लू यांनी अंदाजाची वक्ररेषा समीकरणाच्या यंत्रात घातली. धन घातली तर धनच बाहेर येते हे आधी दाखवलं, मग लहान वर ढकलली जाते नि मोठी खाली, हे दाखवलं. मधली एखादी तश्शीच बाहेर पडते. तेच उत्तर! ते किती, हे न काढताच आहे म्हणून सांगता येतं. मला तर हा भाग जादूपेक्षा भारी वाटतो.

तुझा खळगा बघ, अजून आहे थोडा. आजी आली, तवा तापलाय. सरक आता, नाहीतर पहिली पोळी तुझ्या बोटाच्या ठशाची होईल.