पेट्रोलवरील मोठी जीप गॅसवर चालविताना

मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्रे येथे आहे. कामानिमित्त तेथे आलेला शेतकरी स्थानकाबाहेर पडला की, रिक्षांच्या लांब रांगा त्याच्या नजरेस पडतात. यातील बहुतेक रिक्षा गॅसवर चालतात. वाहनांच्या धुराबाबत १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि त्यानंतरच्या आदेशांमुळे शहरातील जुन्या टॅक्सी व रिक्षा मोठ्या संख्येने गॅसकडे वळल्या. हे पाहून गावी परतणारा शेतकरी साहजिकच विचारतो की, ‘रिक्षा गॅसवर चालते, तर माझ्या दारची जीप का चालू नये?’ या प्रश्नाचे उत्तर शेतकरी बंधूंना व ग्रामसेवकांना उपयोगी पडावे, अशा बेताने पुढील विवेचन केले आहे.

जीप आणि शेती

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून जीप हे वाहन खेड्यांच्या परिचयाचे आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असल्याने चिखलातून व चढावरून ती निभावते. त्या काळच्या जीपचे पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे असे. त्याहून मोठी गाडी म्हणजे जोंगा. जबलपूर येथील शासकीय कारखान्यात ही गाडी १९६९ पासून सैन्यासाठी तयार होत असे. तिचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ३,९५६ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ चार लिटरचे असते. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा अनेक नागरिकांनी घेतल्या. गाडी स्वस्तात मिळते, परंतु पेट्रोलचा खर्च लवकरच डोईजड होतो. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरमधील रबरी भाग त्यास टिकतीलच असे नाही.

दोन गॅस, दोन प्रकृती

मुंबईच्या रिक्षांत असतो तो मुख्यतः सीएनजी, म्हणजे दाबाखालील नैसर्गिक वायू. मुंबईत त्याचा पुरवठा करणाऱ्या महानगर गॅस कंपनीचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. हा वायू हवेहून हलका असून तो सुमारे २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या दाबाने जाड सिलिंडरमध्ये भरतात. एलपीजी हा प्रोपेन व ब्यूटेन यांचा मिश्र वायू होय. तो थोड्याच दाबाखाली द्रवरूप होतो, त्यामुळे त्याची टाकी हलकी असते. मात्र तो हवेहून जड आहे. गळती झाल्यास सीएनजी वर निघून जातो, तर एलपीजी जमिनीलगत, खड्ड्यात किंवा गटारात साठून राहतो. हा भेद ध्यानात ठेवावा.

मोठ्या जीपसाठी आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पाण्याच्या मापाने ६० लिटरच्या सीएनजी सिलिंडरमध्ये सुमारे १० किलो वायू मावतो व त्यावर चार लिटरचे इंजिन सुमारे ८० किलोमीटर जाईल. तेवढ्याच मापाच्या एलपीजी टाकीवर ती दोनशेहून अधिक किलोमीटर जाऊ शकते.

किटची रचना

गॅस किटचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

१. टाकी व मल्टिव्हॉल्व्ह : टाकी ८० टक्के भरताच मल्टिव्हॉल्व्ह आत येणारा वायू बंद करतो. उन्हाने द्रव प्रसरण पावतो, त्यासाठी उरलेली जागा मोकळी लागते. नळी तुटून वायू जोराने वाहू लागला, तर प्रवाह अडविणारी झडपही त्यातच असते.

२. सोलेनॉईड झडपा : एक गॅससाठी व एक पेट्रोलसाठी. चालकासमोरील बटणाप्रमाणे एक उघडते व दुसरी बंद होते. इंजिन थांबले की गॅसची झडप आपोआप मिटते.

३. व्हेपोरायझर : येथे द्रवाचा वायू होतो व दाब उतरतो. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, म्हणून रेडिएटरचे गरम पाणी या भागातून फिरविलेले असते. पाणी कमी पडले, तर भर उन्हाळ्यातही व्हेपोरायझरवर बर्फ जमतो व गाडी अडते. याच कारणास्तव गाडी पेट्रोलवर सुरू करावी व इंजिन गरम झाल्यावर गॅसवर घ्यावी.

४. मिक्सर : कार्बोरेटरच्या तोंडाशी बसविलेला हा भाग हवा व वायू यांचे योग्य मिश्रण करतो. नव्या इंजेक्शन इंजिनांत मिक्सरऐवजी गॅसचे स्वतंत्र इंजेक्टर व त्यांचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते.

लहान मोटारीचे किट मोठ्या जीपला बसवू नये. चार लिटरच्या इंजिनास लागणारा वायू लहान व्हेपोरायझर पुरवू शकत नाही. चढावर मिश्रण विरळ होते, इंजिन तापते व कार्बोरेटरमधून भडका परत येतो.

इंजिनाची पूर्वतयारी

थकलेले इंजिन गॅसमुळे सुधारत नाही. म्हणून प्रथम कॉम्प्रेशन तपासावे. गॅसला ठिणगी जोरदार लागते, तेव्हा प्लग व त्यांच्या तारा नव्या घालाव्यात. एअर फिल्टर स्वच्छ असावा आणि रेडिएटर गळका नसावा. जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठका पूर्वी पेट्रोलमधील शिशामुळे सुरक्षित राहत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि एलपीजी तर कोरडाच जळतो. त्यामुळे मऊ बैठका झिजतात व टॅपेटची फट कमी होत जाते. ही फट वेळोवेळी तपासावी. इंजिन उघडण्याची वेळ आलीच, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

मिक्सर पद्धतीत इंजिनाची शक्ती ५ ते १० टक्के कमी होते, कारण वायू हवेची काही जागा व्यापतो. भरलेली ट्रॉली चिखलातून ओढताना गाडी पेट्रोलवर घ्यावी. यामुळे कार्बोरेटरही कोरडा पडत नाही.

टाकीची जागा

टाकी पत्र्यावर नव्हे, तर चॅसीला पक्क्या पट्ट्यांनी व बोल्टांनी आवळावी. शेतात चालणाऱ्या गाडीची टाकी आसाच्या खाली लोंबता कामा नये, कारण बांधावरचा एक दगडही तिला पुरेसा आहे. गॅसची नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी. टाकी गाडीच्या आत असल्यास झडपांवर हवाबंद आवरण असावे व त्यातील वाट गाडीबाहेर उघडावी. गाडी चुलीजवळ, कडब्याच्या गंजीलगत किंवा बंद गोदामात उभी करू नये. वास आल्यास टाकीची झडप बंद करावी, दिव्याचे बटण दाबू नये व गाडी ढकलून मोकळ्यावर आणावी.

घरगुती सिलिंडरचा मोह

एका गावी आम्ही ग्रामसेवकांसह गेलो असता एका शेतकऱ्याच्या जोंगात मागील बाकाखाली घरगुती सिलिंडर दिसले. त्यास रबरी नळी जोडलेली होती व त्याच बाकावर बसून मुले शाळेत जात. मालक म्हणाले, “साहेब, घरात चुलीपाशी हेच सिलिंडर असते. मग गाडीतच काय वाईट?”

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही सविस्तर दिले. घरातील सिलिंडर एका जागी उभे असते, तर गाडीतले दर खड्ड्यागणिक आदळते. नळी निसटली, तर वायूचा लोंढा अडविणारी मोटारीच्या टाकीतील झडप येथे नसते. शिवाय ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी जोंगा तासाला सुमारे ५ किलो वायू खाते. चुलीपेक्षा हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असल्याने सिलिंडर गार पडते, दाब उतरतो व इंजिन धापा टाकू लागते. मग लोक नाना खटपटी करतात आणि त्यातून अपघात घडतात. घरगुती सिलिंडर वाहनासाठी वापरणे हा २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार गुन्हाही आहे. त्या शेतकऱ्याने मुलांकडे एकवार पाहिले आणि सिलिंडर आमच्यासमोरच उतरवून घरात नेले.

खर्चाचा हिशेब

त्यानंतर ओट्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलहून कमी उष्णता असते. गाडी पेट्रोलवर लिटरला ६ किलोमीटर जात असेल, तर गॅसवर सुमारे साडेचार धरावेत. याचा अर्थ असा की, गॅसचा दर पेट्रोलच्या पाऊणपटीहून कमी असेल तरच लाभ होतो.

समजा, पेट्रोल १०० रुपये व गॅस ६० रुपये लिटर आहे. किलोमीटरमागे पेट्रोलचा खर्च १६ रुपये ६७ पैसे, तर गॅसचा १३ रुपये ३३ पैसे येतो. बचत सुमारे ३ रुपये ३३ पैशांची होते. किटला ४० हजार रुपये पडले, तर ते वसूल होण्यास १२ हजार किलोमीटर लागतील. वर्षाला ३ हजार किलोमीटर फिरणाऱ्यास यासाठी चार वर्षे थांबावे लागेल.

आता पंपाचे अंतर पाहू. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर गॅस बसतो व त्यावर गाडी २१६ किलोमीटर जाते. पंप ३० किलोमीटरवर असेल व केवळ गॅससाठीच जावे लागत असेल, तर ६० किलोमीटर त्या खेपेतच संपतात. उरलेल्या १५६ किलोमीटरसाठी २,८८० रुपये मोजले, पण तेवढेच अंतर पेट्रोलवर २,६०० रुपयांत झाले असते. म्हणजे बचतीऐवजी २८० रुपयांचा तोटा! मात्र पंप बाजाराच्या वाटेवर असेल व तेथे जाणे होतच असेल, तर प्रत्येक टाकीमागे ७२० रुपये वाचतात. पंप कोठे आहे, यावरच सारा लाभ अवलंबून आहे. आजचे दर घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करावयाचा तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. किट त्या गाडीच्या प्रकारास व इंजिनाच्या मापास मान्य झालेले असावे आणि अधिकृत कारागिराकडूनच बसवून घ्यावे. बदलाची नोंद नोंदणी पुस्तकात करून घ्यावी व विमा कंपनीस कळवावे. तसे न केल्यास अपघातानंतर भरपाईस अडथळा येण्याचा संभव असतो. टाकीची ठरलेल्या मुदतीने तपासणी करून घेणेही आवश्यक आहे.

ग्रामसेवकांस विनंती

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील गॅसवरील वाहने एकदा डोळ्यांखालून घालावीत. घरगुती सिलिंडर आढळल्यास मालकास दम देण्यापूर्वी कारण समजावून सांगावे आणि कागद घेऊन त्याच्यासमवेत हिशेब मांडावा. ज्या जोंगाचा उल्लेख वर केला, तिच्या मालकाचा पंप बाजाराच्या वाटेवर नव्हता. त्याने किटचा विचार सोडला, गाडी पेट्रोलवरच ठेवली आणि जवळच्या कामांना पुन्हा बैलगाडी जुंपली. त्याच्या परिस्थितीत तोच निर्णय योग्य होता.