कॉलेजचा लॅपटॉप : शक्ति आणि शिदोरी



बारावीचा निकाल हातीं आला, सीईटीचे गुण कळले आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या कीं, आमच्या नव्या मुंबईंतील घराघरांत एक वाद हटकून उभा राहतो. वाशी असो, नेरूळ असो वा खारघर असो. वादी तोच, प्रतिवादी तोच. मुलगा म्हणतो, ‘लॅपटॉप घ्यावयाचा तर ग्राफिक्स कार्डाचाच घ्या.’ वडील म्हणतात, ‘हलका घे, दिवसभर चालेल असा घे.’ आई मध्येंच विचारते, ‘पण तो एवढा महाग कां?’ आणि या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोघांजवळहि नसतें. साठ, सत्तर, ऐशीं हजार रुपये ही मध्यम स्थितींतील कुटुंबाला लहान रक्कम नव्हे. ती एकदां खर्च झाली कीं, पुढचीं चार वर्षें त्याच यंत्रावर काढावीं लागतात. म्हणून या वादांतील दोन्ही पक्षांचें म्हणणें आज समजून घ्यावें आणि निवाडा कोणत्या पुराव्यावर करावा तें पाहावें, असा माझा विचार आहे.

प्रथम बॅटरीकडे वळूं. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. ती किती लिटरची हें ठरलेलें असतें; पण पाणी किती वेळ पुरेल हें नुसत्या टाकीवरून सांगतां येत नाहीं. तें खालीं किती नळ उघडे आहेत यावर अवलंबून असतें. लॅपटॉपची बॅटरी ही अशीच टाकी होय. तिचें माप वॅट-तासांत सांगतात. यंत्र काम करतांना ज्या वेगानें वीज ओढतें, त्याचें माप वॅट. पहिल्या आंकड्याला दुसऱ्यानें भागलें कीं तास निघतात. याहून अवघड गणित यांत नाहीं.

समजा, बॅटरी ६० वॅट-तासांची आहे. मुलगा टिपणें लिहीत आहे, एखादें पुस्तक वाचीत आहे. यंत्र ८ वॅट ओढीत आहे. तर तें साडेसात तास चालेल. तोच वीस खिडक्या उघडून, पडदा पुरा उजळ करून काम करूं लागला आणि ओढ २० वॅटवर गेली, तर तीन तास. आणि त्यानें एखादा खेळ किंवा जड त्रिमिति-चित्राचें काम सुरू करून ओढ ८० वॅटवर नेली, तर अवघी पाऊण घटका नव्हे, पण पाऊण तास मात्र खरा! विजेच्या बिलांत ज्याला आपण एक युनिट म्हणतों, तें १००० वॅट-तासांचें असतें. म्हणजे एका युनिटांत असली बॅटरी हिशेबानें सोळा वेळां भरावी. इतकी ही शिदोरी लहान आहे.

मग टाकीच मोठी कां बांधीत नाहींत, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तेवढ्याच वजनांत अधिक वीज सांठविण्याची कला मंद गतीनें पुढें सरकते. चिपांचा वेग तिच्या कितीतरी पट झपाट्यानें वाढत आला. बॅटरी वाढविली कीं वजन वाढतें. शिवाय विमानांत विशेष परवानगीवांचून १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी बरोबर नेतां येत नाहीं. म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ वॅट-तासांपाशीं येऊन थबकलेल्या दिसतात.

आतां दुसरा पक्ष. ग्राफिक्सची शक्ति म्हणजे काय? लॅपटॉपचा सामान्य पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, अर्थात् २०,७३,६०० ठिपक्यांची रांगोळी. ही रांगोळी सेकंदास ६० वेळां पुसून पुन्हां काढावयाची, म्हणजे दर सेकंदास १२ कोटी ४४ लाख ठिपके भरावयाचे. यंत्राचा मुख्य मेंदु, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो एखाद्या निष्णात पंडितासारखा असतो. कठीण प्रश्न तो भराभर सोडवील, पण अंगणभर रांगोळी भरण्यास एक पंडित काय उपयोगाचा? तेथें शंभर मुली हव्यात. प्रत्येकीनें आपापला ठिपका भरावा. ग्राफिक्स चिप म्हणजे अशा हजारों लहान हातांची फौज होय. चित्र रंगविण्यास ती निर्माण झाली. पण एकाच प्रकारचें गणित एकदम हजारों ठिकाणीं करावयाचें असेल, तेथेंहि ती उपयोगी पडते. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांत तिला मान आहे तो यामुळेंच.

यंत्रानें आंकड्यांबरोबर चित्रहि काढावें, ही इच्छा कांहीं आजची नव्हे. मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेल्या टिफ्रॅक या संगणकांत सुमारें २७०० निर्वात-नळ्या होत्या, आणि आलेख दाखविण्यासाठीं त्यालाहि एक पडदा जोडलेला होता. त्या यंत्रास एक दालन लागे. आज आपण तेंच काम शतपटीनें वाढवून मुलाच्या पाठीवरील पिशवींत घालूं पाहतों. मग उष्णता, वजन व वीज यांचा तिढा पडावा यांत नवल नाहीं.

ग्राफिक्सची व्यवस्था दोन प्रकारची असते. एका प्रकारांत ती मुख्य प्रोसेसरच्या पोटांतच असते. वीज थोडी खाते, आणि लेखन, वाचन, व्याख्यानें, साधी चित्ररचना यांना पुरून उरते. दुसऱ्या प्रकारांत स्वतंत्र चिप बसविलेली असते. तिला स्वतःची स्मृति व स्वतःचे पंखे लागतात, आणि अर्थातच विजेचा मोठा वांटा लागतो. येथें ग्राहकाची एक फसगत होते, ती सांगून ठेवतों. चिपचें नांव एक असलें म्हणजे शक्तिहि एकच, असें नव्हे. उदाहरणार्थ, २०२३ सालीं आलेल्या एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपच्या चिपला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा आहे. एका लॅपटॉपांत तिला थोडें अन्न मिळतें, दुसऱ्यांत पोटभर. नांवाची चिठ्ठी मात्र दोहोंवर सारखीच!

परंतु यांतहि एक दिलासा आहे. वीज दुप्पट दिली म्हणून काम दुप्पट होत नाहीं. चिपचा वेग वाढवावयाचा तर तिला अधिक व्होल्टेज द्यावें लागतें, आणि विजेचा खर्च त्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. म्हणून मध्यम वॅटाची चिप पुष्कळदां शहाणपणाची ठरते. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. भिंतींतील वीज काढून घेतली कीं हीं बलाढ्य यंत्रें आपण होऊनच मंदावतात; कारण मोठ्या चार्जरइतकी वीज बॅटरी एकदम देऊं शकत नाहीं. ज्या शक्तीसाठीं आपण पैसे मोजले, ती बहुतांशीं घरच्या टेबलावरच हातीं येते.

येथें मला माझ्या बहिणीच्या घरची हकीकत सांगावीशी वाटते. तीं मंडळी पनवेलला राहतात. थोरला भाचा यंत्र-अभियांत्रिकीला गेला, तेव्हां त्यानें हट्टानें अडीच किलोचा खेळांचा लॅपटॉप घेतला. चार्जर निराळा, तोहि विटेएवढा. हें ओझें घेऊन तो रोज हार्बर मार्गाच्या गर्दींत उभ्यानें वाशीपर्यंत जाई. महिन्याभरांत यंत्र घरींच राहूं लागलें. वर्षअखेर प्रकल्प दाखविण्याचा दिवस आला. दालनांत विजेचे खटके चार, मुलें चाळीस. परीक्षकांपुढें त्याची पाळी आली तेव्हां पडदा काळा झाला. वर्षभराचें काम आंतच राहिलें, आणि तो तोंडानें वर्णन करीत राहिला. स्वतंत्र चिप तो दिवसभर विनाकारण जागी होती. ती निजविण्याची सोय यंत्रांतच होती, हें त्याला मागाहून कळलें.

त्या अनुभवानें पोळलेल्या मेहुण्यांनीं धाकटीला, म्हणजे वास्तुशास्त्र शिकणाऱ्या भाचीला, सव्वा किलोचा सुबक लॅपटॉप घेऊन दिला. दोन वर्षें ती सुखांत होती. तिसऱ्या वर्षीं इमारतीचीं त्रिमिति-चित्रें रंगविण्याची वेळ आली, आणि एकेक चित्राला यंत्र रात्र रात्र घेऊं लागलें. एकदां पहाटे तीन वाजतां तें मध्येंच बंद पडलें. सादरीकरण सकाळीं दहाला होतें. ‘मामा, मी आळशी नव्हतें हो,’ असें ती मला म्हणाली, तें अजून मला विसरतां येत नाहीं. एकाच घरांत पैसे दोनदां खर्च झाले. पहिल्यानें शक्ति घेतली आणि शिदोरी सोडली, दुसरीनें शिदोरी घेतली आणि शक्ति सोडली. दोघांचीहि चूक एकच : काम कोणतें व तें कोठें करावयाचें, हें आधीं कोणींच विचारलें नाहीं.

तो विचार कसा करावा? प्रथम अभ्यासक्रम पाहावा. वाणिज्य, कायदा, साहित्य, शुद्ध विज्ञान यांना स्वतंत्र चिपची गरज सहसा नसते. संगणक-शाखेच्या विद्यार्थ्याला कार्यक्रम लिहिण्यास ग्राफिक्सपेक्षां स्मृति अधिक लागते; १६ जीबी रॅम घ्यावी, आणि ती पुढें वाढवितां येते कीं पटावरच डकवलेली आहे, तें विचारावें. कृत्रिम बुद्धिमत्तेचे लहान प्रयोग गूगल कोलॅबसारख्या दूरच्या यंत्रावर मर्यादित प्रमाणांत फुकट करतां येतात. मात्र हें काम घरींच करावयाचें असेल, तर कुडा ही प्रणाली एन्व्हिडियाच्याच चिपेवर चालते, हें ध्यानांत असावें. वास्तुशास्त्र, अॅनिमेशन आणि यंत्र-अभियांत्रिकीचीं वरचीं वर्षें यांना स्वतंत्र चिप खरोखर उपयोगी पडते. शिवाय सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स हे कार्यक्रम विंडोजसाठीं लिहिलेले आहेत. अॅपलचा लॅपटॉप बॅटरीच्या बाबतींत कितीहि नांवाजलेला असला, तरी तेथें ही अडचण येते. एखाद्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याला गांठून कोणते कार्यक्रम कोणत्या वर्षीं लागतात याची यादी करून घ्यावी. ही यादी दुकानदाराच्या शंभर सल्ल्यांहून मोलाची आहे.

मग दिवसाचा हिशेब मांडावा. प्रवास किती, वर्गांत यंत्र उघडें किती वेळ, खटका मिळण्याचा संभव किती. चार तासांचें हलकें काम १२ वॅटनें धरलें, तर ४८ वॅट-तास झाले. पण बॅटरी दोन-तीन वर्षांत झिजते. आज ६० ची असलेली तेव्हां ४८ चीच उरेल, असें धरून चालणें बरें. म्हणजे असल्या विद्यार्थ्यानें ६० हून खालीं जाऊं नये.

दुकानांत गेल्यावर ‘बारा तास चालतो’ या शब्दावर भुलूं नये. तो आंकडा बहुधा मंद उजेडांत एखादें चलच्चित्र चालवून काढलेला असतो. बॅटरी किती वॅट-तासांची, हें विचारावें. मिलि-अँपियर-तास सांगितले, तर त्यांना हजारानें भागून बॅटरीच्या व्होल्टेजनें गुणावें : ४००० आणि १५ व्होल्ट, म्हणजे ६० वॅट-तास. ग्राफिक्स चिपला किती वॅट दिलेले आहेत, हें विचारावें. चार्जर हातांत घेऊन त्याचें वजन पाहावें, आणि टाईप-सीच्या लहान चार्जरवर यंत्र भरतें कां, तेंहि पाहावें. भरत असेल तर मोठी वीट घरींच ठेवतां येते.

यंत्र घरीं आल्यावर दोन पथ्यें पाळावीं. टेबलावर सतत जोडलेलें असेल, तर ऐशीं टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय बहुतेक लॅपटॉपांत असते, ती वापरावी. आणि गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करूं नये. वारा कोंडतो, उष्णता वाढते, आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे.

यंदा बहिणीच्या घरीं तिसऱ्याची पाळी होती. तो संगणक-अभियांत्रिकीला जात आहे. ‘दादा, या खेपेस तूच सांग,’ असा तिचा निरोप आला. मीं कांहींच सांगितलें नाहीं. कागद-पेन्सिल घेऊन चौघांना एकत्र बसविलें. यादी झाली, हिशेब झाला. पोटांतल्याच ग्राफिक्सचा, ७० वॅट-तासांचा, दीड किलोच्या आंतील लॅपटॉप ठरला. जड काम पडेल तेव्हां थोरल्याचा तो अडीच किलोचा पहिलवान घरींच टेबलावर बसलेला आहे. भाचीचीं शेवटच्या वर्षाचीं चित्रेंहि आतां त्याच्यावरच होतात. बाजारांतून काय आणावें हें ठरविण्यापूर्वीं घरांत काय आहे तें पाहावें, ही आपल्या आयाबायांची रीत. ती या नव्या यंत्रालाहि लागूं पडली, आणि शेवटीं ‘एवढा महाग कां?’ असें विचारणाऱ्या माझ्या बहिणीनेंच त्या रात्रीं सर्वांत आधीं हिशेबाचा कागद घडी करून कपाटांत ठेवला.