दुखणे आपले, बोलायचे कोणी?

आपल्या मध्यमवर्गीय माणसाची मोठी गंमत आहे. पैठणी घ्यायला गेलो, तर दुकानदाराला अख्खे कपाट रिकामे करायला लावू. काठ पाहू, पदर पाहू आणि शेवटी 'उद्या येतो' म्हणून उठू. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून तात्त्विक वाद घालू. पण डॉक्टरांच्या खोलीत पाऊल टाकले, की आपली वाचाच बसते! 'काय होतंय?' या साध्या प्रश्नाला 'जरा बरं वाटत नाही' एवढेच उत्तर देतो, खरडलेला कागद घेतो, आणि जिना उतरता उतरता आठवते की, मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली.

बायकांच्या बाबतीत हा संकोच फारच महागात पडतो. अमेरिकेला निघण्यापूर्वी, 1883 साली, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे भाषण केले. आपल्या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात, कारण बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरांपाशी मोकळेपणी बोलत नाहीत, हे त्यांनी तेथे सांगितले होते. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. आज गल्लोगल्ली स्त्री-डॉक्टर आहेत. पण 'सगळ्यांचं आटपू दे, मग माझं बघू' हे घरोघरचे पालुपद काही संपलेले नाही.

मी मराठी शिकवते. वैद्यकातले मला कळते असे नव्हे. पण एक गोष्ट माझ्या विषयातली आहे, ती सांगते. दुखण्यासाठी आपल्या भाषेइतके नेमके शब्द क्वचितच सापडतील. गळू ठसठसते, दाढ ठणकते, कमरेतून पायात सणक जाते, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळते, अंगात कणकण असते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या आज्या हे शब्द अचूक वापरीत. आपण मात्र या साऱ्यांची मिळून एकच मोळी बांधली आहे: 'पेन होतंय!' डॉक्टरांना निदानाची वाट दाखवतात ते हेच बारकावे. जळजळ आणि दडपण यांत केवढे अंतर आहे, ते आमच्या घरी आम्ही पाहिले आहे.

माझ्या ताईला चार महिने 'पित्ताचा त्रास' होता. निदान तसे सगळे म्हणत होते. पित्ताच्या गोळ्या झाल्या, आवळा झाला, कार्डिओग्रामही निघाला. तो निर्दोष आला. 'वय झालं, जिन्यानं दमायला होणारच,' असे डॉक्टर हसून म्हणाले. ताईचे वय बावन्न! एका रविवारी आम्ही दोघी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून बसलो आणि लिहून काढले: केव्हा होते? जिना चढताना, जेवून लगेच चालताना. किती वेळ? पाचेक मिनिटे. कशाने थांबते? उभे राहिले की. कसे वाटते? जळजळ नव्हे, छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे, आणि जबड्यापर्यंत चढते.

दुसऱ्या दिवशी ताईने ते पान डॉक्टरांपुढे ठेवले. "डॉक्टर, एवढं वाचा. हे पित्त नसेल, तर आणखी काय असू शकेल?" डॉक्टरांनी चष्मा लावून दोनदा वाचले, आणि त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. धमनीत मोठा अडथळा निघाला. स्वस्थ पडून काढलेला कार्डिओग्राम अडथळा असूनही निर्दोष येऊ शकतो, हे आम्हांला तेव्हा समजले. वेळेवर उपचार झाले. आज ताई तीन जिने चढते. (मात्र एक ध्यानात ठेवावे: असे दडपण थांबूनही जात नसेल, घाम फुटत असेल, धाप लागत असेल, तर लिहीत बसू नये. 108 क्रमांक फिरवावा आणि रुग्णालय गाठावे.)

'असं विचारलं तर डॉक्टर रागावतील,' ही आपली मोठी भीती. पण विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. औषधाचे नाव सुवाच्य लिहावे, असे 2016 साली तिच्यात घातले गेले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असा नियम महाराष्ट्रात 2021 साली खाजगी रुग्णालयांना झाला. आणि 2008 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, त्याच वेळी काढण्यात आले. न्यायालयाने बजावले: प्राणावर बेतलेले नसेल, तर सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. तेव्हा इंग्रजी फॉर्मावर डोळे मिटून सही ठोकू नका. 'मला मराठीत समजावून सांगा,' एवढे म्हणायला इंग्रजी यावे लागत नाही!

विचारायचे तरी काय? चार प्रश्न पुरेत. मला काय झाले असावे? ही तपासणी केल्याने उपचारात काय फरक पडेल? औषध किती दिवस, आणि त्याचा काय त्रास संभवतो? कोणते लक्षण दिसताच धावत यावे? आणि आपणही काही लपवू नये. शेजारणीने दिलेला काढा, गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली गोळी, सारे सांगावे. काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ॲस्पिरिन पोटात गेली, तर रक्तस्राव ओढवू शकतो. चिठ्ठीवरची 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, 'एसओएस' म्हणजे गरज लागल्यास. ही लॅटिनची पिल्ले आहेत. त्यांना भिऊ नये.

डॉक्टर काही आपले वैरी नव्हेत. बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असताना त्यांनी आपल्या मनातले ओळखावे, ही अपेक्षाच चुकीची. उलट मोबाइलवर अर्धे वैद्यक वाचून निदान घेऊनच जाणारा रुग्णही त्यांना तितकाच अवघड. निदान त्यांचे, पण अनुभव आपला; तो नीट सांगणे हे आपले काम. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेसे वाटले, तर तसे सांगून घ्यावे. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. यंदा आपणही एक साधी दोनशेपानी वही आणू या. घरातल्या प्रत्येकाला काही पाने: आजार, औषधे, कोणते औषध सोसत नाही, रक्तगट, शस्त्रक्रियांच्या तारखा, पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न. आणि पहिले पान घरच्या गृहिणीचे असावे. कारण तिचे दुखणे लिहायला आजवर कोणालाच सवड झालेली नाही.